वाचकांचे प्रश्न : गोलीच्या नावापुढचा आकडा येतो कुठून?

गेल्या अंकात लेहच्या आइस हॉकीवर एक छोटी चौकट होती. तीत 'गोलरक्षकाची सरासरी' हे दोन शब्द होते, आणि तेवढ्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. पण आपल्या किनारपट्टीवर घराआड एक माणूस बोटीवर आहे, आणि बोटीवरचा माणूस कधी ना कधी हिवाळ्यात माँट्रियलला किंवा हॅलिफॅक्सला जाऊन पडलेला असतो. तिथे टीव्ही लावला की हॉकीच. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

उत्तरांत 'लीग' म्हटलं आहे ती उत्तर अमेरिकेतली नॅशनल हॉकी लीग, १९१७ साली सुरू झालेली. पक म्हणजे चेंडूऐवजी असणारी काळी रबरी चकती. गोलरक्षकाला खेळणारे सगळे गोलीच म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. त्याची सरासरी म्हणजे सामन्यामागे त्याने खाल्लेले गोल, जितकी कमी तितकी चांगली.

प्रश्न : माँट्रियलला जुन्या पुस्तकांच्या दुकानात हॉकीची एक जुनी वार्षिकी मिळाली. तीत जॉर्ज हेन्सवर्थची १९२८-२९ ची सरासरी ०.९८ आहे. मोबाइलवर बघतो तर ०.९२. छपाईची चूक, की कोणी मागाहून आकडा सजवला? (सेकंड इंजिनियर, मालवण)

उत्तर : चूक कोणाचीच नाही. गोल तेवढेच, भागलंय वेगळ्या आकड्याने. तुमच्याच कामातलं बघा: तेलाचा खप फेरीमागे काढला तर एक आकडा येतो, इंजिन चाललेल्या तासामागे काढला तर दुसरा. टाकीतून गेलेलं तेल तेवढंच.

हेन्सवर्थ त्या मोसमात माँट्रियल कॅनेडियन्सकडून ४४ सामने खेळला आणि त्याने ४३ गोल खाल्ले. ४३ भागिले ४४ म्हणजे ०.९७७, छापताना ०.९८. हा झाला सामन्यामागे हिशेब. आताची रीत अशी की गोलांना ६० ने गुणायचं आणि गोली प्रत्यक्ष बर्फावर जेवढी मिनिटं होता त्याने भागायचं. त्याची मिनिटं भरतात २८००. ४३ × ६० ÷ २८०० = ०.९२१.

२८०० आली कुठून? सामना २० मिनिटांच्या तीन भागांचा, म्हणजे ६० मिनिटांचा. ४४ सामन्यांची झाली २६४०. वर १६० उरतात. तेव्हा बरोबरी झाली की १० मिनिटं जादा खेळ व्हायचा, आणि त्यात गोल पडला तरी तो दहा मिनिटं पुरा खेळवला जायचा. म्हणजे १६ सामने जादा वेळेत गेले. कॅनेडियन्सचा त्या मोसमाचा ताळा २२ विजय, ७ पराभव, १५ बरोबरी असा आहे. बरोबरीच्या १५ सामन्यांची १५० मिनिटं आणि जादा वेळेत निकाल लागलेल्या एका सामन्याची १०. हिशेब जागच्या जागी बसतो.

लीगच्या पहिल्याच मोसमात, १९१७-१८ ला, जॉर्ज वेझिनाने २१ सामन्यांत ८४ गोल खाल्ले. सामन्यामागे बरोबर ४.००. मिनिटं १२८२ धरली की ३.९३. इथे फरक थोडा आहे, कारण जादा वेळ एकूण २२ मिनिटांचाच.

जुनी वार्षिकी कोणत्या रीतीची आहे हे ओळखायची सोपी खूण सांगतो. गोलींच्या तक्त्यात मिनिटांचा रकाना शोधा. नसेल तर सरासरी सामन्यामागे काढलेली आहे असं धरून चाला, आणि एक-दोन नावांचा भागाकार स्वतः करून खात्री करा. २१ नोव्हेंबर १९४२ पासून साखळी सामन्यांतला जादा वेळ बंद झाला. युद्धाचे दिवस होते, संघ आगगाडीने फिरायचे, गाडी चुकून चालणार नव्हती. त्यानंतर बरीच वर्षं दोन्ही रीतींनी जवळजवळ एकच उत्तर येतं. शिकागो आणि डेट्रॉइटकडून खेळलेल्या ग्लेन हॉलचा अख्खा मोसम बघा: ७० सामने, ४२०० मिनिटं. ६० ने गुणून ४२०० ने भागा किंवा सरळ ७० ने भागा, एकच. पाच मिनिटांचा जादा वेळ परत आला तो १९८३-८४ ला.

०.९२ बघून आजच्या गोलींना नावं ठेवू नका, एवढं मात्र आवर्जून सांगतो. १९२८-२९ ला समोरच्या क्षेत्रात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या जाळीकडच्या भागात, पुढे पास द्यायला बंदी होती. पुढच्याच मोसमात ती उठली आणि लीगमधले गोल सामन्यामागे सुमारे दुप्पट झाले. गोली तेच होते.

प्रश्न : मी जिल्हा पातळीवर क्रिकेटचं स्कोअरिंग करतो. हॉकीच्या अधिकृत पत्रकात काय लिहितात, कोण लिहितं, आणि गोलीने किती फटके अडवले हे ठरवतं कोण? (रत्नागिरी)

उत्तर : तुम्हाला हे पटकन समजेल, कारण फरक नेमका तुमच्या खुर्चीचा आहे. क्रिकेटमध्ये वाइड, बाय, चौकार सगळ्याला पंचाची खूण असते. तुम्ही हात वर करून ती मिळाल्याचं कळवता आणि लिहिता. तुमचं मत कुठे येत नाही. हॉकीत गोलाच्या बाबतीत असंच आहे. जाळीमागे काचेआड गोल-जज बसायचा, पक रेषेपार गेली की लाल दिवा लावायचा. गोल दिला की नाही हे रेफ्री सांगायचा. अडवलेल्या फटक्याला मात्र कोणी खूण करत नाही. तो लिहिणाऱ्याने स्वतःच्या डोळ्याने ठरवायचा.

पत्रक लिहिणारा तो अधिकृत स्कोअरर. सोबत वेळ बघणारा आणि शिक्षेची मिनिटं मोजणारा. ही सगळी मंडळी यजमान गावातली. गोलाची ओळ अशी पडते: भाग, वेळ, गोल करणाऱ्याचा नंबर, आणि त्याला पास देणारे एक किंवा दोघे. पास देणाऱ्यांची अधिकृत नोंद १९१८-१९ पासून. इथे नवख्याचा हमखास घोटाळा होतो तो घड्याळावर. फळ्यावरचं घड्याळ उलटं चालतं, उरलेली वेळ दाखवतं. पत्रकात मात्र गेलेली वेळ लिहायची असते. फळ्यावर ५:२३ दिसत असेल तर पत्रकात २०:०० वजा ५:२३, म्हणजे १४:३७.

गोली बदलला की त्याचीही वेळ लिहायची. मग कोणाच्या नावावर किती गोल हे वेगळं मोजावं लागत नाही. गोलाची वेळ आणि गोलीची वेळ समोरासमोर धरली की झालं.

आता फटके. गोलीने हात लावला नसता तर पक जाळीत गेली असती, असा फटकाच मोजायचा. खांबाला लागून बाहेर आला, मोजायचा नाही. वाटेत दुसऱ्या खेळाडूने अंगावर घेतला, मोजायचा नाही. जाळीच्या बाहेरून जाणारी पक गोलीने उगाच झेलली, तीही नाही. वाचताना सोपं आहे. पण जाळीसमोर सहा माणसं आडवीतिडवी पडलेली असताना पक गोलीच्या पायाला लागली की आपल्याच बचावपटूच्या काठीला, हे वर बसून सांगणं कठीण. मग एका गावचा स्कोअरर हात सैल सोडतो, दुसऱ्या गावचा आखडता घेतो. ३ गोल पडलेल्या सामन्यात कोणी ३० फटके मोजले तर गोलीने २७ अडवले, प्रमाण .९००. त्याच सामन्यात ३३ मोजले तर ३०, म्हणजे .९०९. गोल तेवढेच, सरासरी जागची हलली नाही, आणि गोली मात्र कागदावर सुधारला! (नाव 'सेव्ह पर्सेंटेज' असलं तरी शंभराने गुणत नाहीत. तीन दशांश स्थळं छापतात.) म्हणून फटक्यांवर बेतलेला आकडा वाचताना गोलीचे घरचे आणि बाहेरचे सामने वेगळे करून बघावेत. दोन्हींत कायम फरक पडत असेल तर पहिला संशय मोजणाऱ्यावर घ्या.

फटके मोजायची रीत जुनीच आहे. ४ मार्च १९४१ ला बोस्टनमध्ये शिकागोच्या सॅम लोप्रेस्टीवर ८३ फटके आले, त्याने ८० अडवले आणि तरी सामना ३-२ ने गेला. हे आकडे तेव्हाचेच. पण मोजणं वेगळं आणि लीगने ते अधिकृत तक्त्यात घेणं वेगळं. सेव्ह पर्सेंटेज अधिकृत तक्त्यात आलं १९८२-८३ च्या सुमारास. आज लीगच्या नोंदींत ते १९५५-५६ पर्यंत मागे जाऊन बघायला मिळतं, ते मागाहून भरलेलं. १९९७-९८ पासून फटके संगणकावर लगेच टिपले जाऊ लागले. लीगच्या शताब्दीच्या वेळी, २०१७ ला, पहिल्या मोसमापासूनची सामन्यांची पत्रकंही संगणकावर आली. ठरवणारा डोळा मात्र अजून माणसाचाच.

प्रश्न : मग हेन्सवर्थचं किंवा वेझिनाचं सेव्ह पर्सेंटेज कुठेच का सापडत नाही? (विद्यार्थी, दापोली)

उत्तर : भाजकच नाही म्हणून. गोल आहेत, मिनिटं आहेत, फटक्यांचा रकाना लीगच्या तक्त्यात नव्हता. कोणी 'सामन्याला साधारण तीस फटके' धरून काढून दिलं तर ते उत्तर तुमच्या वहीत उतरवू नका.

प्रश्न : चव्वेचाळीस वर्षांचा प्रशिक्षक गोली म्हणून उतरला, ही गोष्ट खरी का? खरी असेल तर त्याचं नाव गोलींच्या नोंदीत आहे का? (वेंगुर्ले)

उत्तर : खरी आहे आणि नोंदीतही आहे. ७ एप्रिल १९२८, स्टॅन्ले कपच्या (तिथल्या हॉकीतला सर्वांत मानाचा चषक) अंतिम फेरीचा दुसरा सामना, न्यूयॉर्क रेंजर्स विरुद्ध माँट्रियल मरून्स. रेंजर्सचा गोली लॉर्न शॅबो याच्या डोळ्यावर पक बसली. संघाबरोबर दुसरा गोली नसायचा. प्रेक्षकांत बसलेला दुसऱ्या संघाचा गोली घ्यायला मरून्सने नकार दिला. शेवटी रेंजर्सचा प्रशिक्षक लेस्टर पॅट्रिक पॅड बांधून स्वतः उतरला, एकच गोल खाल्ला, आणि रेंजर्स जादा वेळेत २-१ ने जिंकले. जो जाळीत उभा राहिला त्याची मिनिटं आणि गोल त्याच्या नावावर, मग तो एरवी कोणी का असेना.

याच नियमाने जुन्या तक्त्यांत दोन-दोन मिनिटांचे 'गोली' भेटतात. सुरुवातीच्या काळात गोलीने आगळीक केली की शिक्षेच्या बाकावर तोच जाऊन बसायचा (आता त्याच्याऐवजी दुसरा खेळाडू बसतो). तेवढा वेळ जाळीत कोणीतरी उभं राहायला हवंच. १९२३ च्या स्टॅन्ले कपला ओटावाचा क्लिंट बेनेडिक्ट असा बाहेर गेला आणि किंग क्लॅन्सी जाळीत उभा राहिला. त्या सामन्यात तो सहाही जागी खेळला म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. जुन्या सामन्याचा ताळा जुळत नसेल, मिनिटं ५८ च भरत असतील, तर शिक्षांच्या रकान्यात गोलीचं नाव आहे का बघा. उरलेली दोन बहुधा तिथे सापडतात.

गोली जखमी झाला की सामना थांबवून त्याला टाके घालायचे आणि परत उभा करायचा, हाच रिवाज. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कला अँडी बाथगेटचा फटका तोंडावर बसल्यावर झाक प्लांट टाके घालून आला तो मुखवटा चढवूनच. घड्याळ थांबलेलं होतं, त्यामुळे त्याच्या मिनिटांत काही गेलं नाही. प्रत्येक संघाने दोन गोली तयार ठेवायचा नियम साखळी सामन्यांना १९६५-६६ पासून लागला. तोवर एक सामना म्हणजे एक गोली हे जवळपास ठरलेलं होतं, म्हणून सामन्यामागे सरासरी काढली तरी फारसं बिघडत नव्हतं. नंतर मिनिटं-सेकंद लिहिल्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

प्रश्न : दोन गोली अर्धे-अर्धे खेळले तर विजय कोणाच्या नावावर? शटआऊट कोणाला? (अलिबाग)

उत्तर : विजय त्याला, जो निर्णायक गोल पडला तेव्हा जाळीत होता. निर्णायक गोल म्हणजे हरलेल्या संघाच्या गोलांपेक्षा एक जास्त असलेला. निकाल ५-३ असेल तर जिंकलेल्या संघाचा चौथा. तो पडला त्या क्षणी जिंकणाऱ्या बाजूला जो गोली होता त्याला विजय, समोर जो होता त्याला पराभव. त्यामुळे असंही होतं: पहिला गोली तिन्ही गोल खाऊन बाहेर गेला, पण तो असतानाच आपल्या संघाचे चार झाले होते, विजय त्याचाच. नंतर येऊन एकही गोल न खाणारा कोराच राहतो.

शटआऊट म्हणजे एकही गोल न खाता संपवलेला सामना. तो वाटून मिळत नाही. दोघांनी मिळून कोरा सामना काढला तर दोघांपैकी कोणाच्याच नावावर नाही, फक्त संघाच्या.

शेवटच्या मिनिटाला गोलीला काढून जादा आक्रमक घेतला आणि रिकाम्या जाळीत गोल पडला, तर तो गोलीच्या नावावर लागत नाही आणि तो वेळही धरत नाहीत. २००५-०६ पासून बरोबरी सोडवायला शूटआऊट आला, म्हणजे एकेका खेळाडूने एकट्याने गोलीसमोर जाऊन फटका मारायचा. त्यातले गोल सरासरीत येत नाहीत. ६५ मिनिटं ०-० आणि शूटआऊटमध्ये हार, तरी त्या गोलीला शटआऊट मिळतो. कागदावर विचित्र दिसतं, पण हिशेबाला धरून आहे.

प्रश्न : शाळेत रोलर हॉकीचे आंतरशालेय सामने घेतो, २०-२० मिनिटांचे दोन भाग. गोलींची नोंद नीट ठेवायची आहे. पत्रक कसं आखू? (क्रीडाशिक्षक, चिपळूण)

उत्तर : एका गोलीला एक ओळ, आणि रकाने एवढे पुरेत: आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, खेळलेला वेळ, आलेले फटके, खाल्लेले गोल, अडवलेले. खाली 'रिकामी जाळी' म्हणून एक ओळ ठेवा. ती नसली की बेरीज कधीच जुळत नाही.

भरून दाखवतो. पहिला गोली ०:०० ला आत, २६:४० ला बाहेर. १८ फटके, ३ गोल, १५ अडवले. दुसरा २६:४० ला आत. ३८:४० ला त्याला काढून आक्रमक घेतला, म्हणजे तो १२:०० खेळला. ९ फटके, १ गोल, ८ अडवले. रिकामी जाळी १:२०, १ फटका, १ गोल. आता उभी बेरीज: वेळ ४०:००, फटके २८, गोल ५. फळ्यावर पाचच आहेत ना? मग पुढे चला. नसतील तर सरासरी काढायला बसूच नका, आधी चूक शोधा.

सरासरी काढताना तुम्ही ६० ने नव्हे, ४० ने गुणायचं, कारण तुमचा सामना ४० मिनिटांचा. पहिल्याची ३ × ४० ÷ २६.६७ = ४.५०. दुसऱ्याची १ × ४० ÷ १२ = ३.३३.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात: २६:४० हे कॅल्क्युलेटरवर २६.४० म्हणून मारतात. ४० सेकंद म्हणजे दोन तृतीयांश मिनिट, म्हणून २६.६७. चुकीच्या आकड्याने ४.५५ येतं, आणि ते खरं वाटण्याइतकं जवळ असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. दुसरी चूक मोसमाअखेरची. पहिल्याचं प्रमाण .८३३, दुसऱ्याचं .८८९, दोघांची सरासरी .८६१ असं लिहून मोकळे होतात. तसं नाही. अडवलेले १५ + ८ = २३, फटके १८ + ९ = २७, भागाकार .८५२. सरासऱ्यांची सरासरी काढू नये, मूळ बेरजा घेऊन पुन्हा भागावं.

फटके मोजायला प्रत्येक जाळीला एक वेगळा मुलगा बसवा, आणि मोसमभर तोच ठेवा. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. मध्यंतराला दोघांनी आकडे मोठ्याने वाचायचे आणि मुख्य पत्रकात उतरवायचे. सामना संपल्यावर आठवून लिहिलेले आकडे नेहमी गोल येतात, २०, २५, ३०. पत्रक बॉलपेनने लिहा. आपल्याकडच्या दमट हवेत शाईचं पेन फुटतं आणि पेन्सिल सप्टेंबरपर्यंत पुसट होते. कार्बन घालून दुसरी प्रत पाहुण्या शाळेला त्याच दिवशी द्या, भांडणं निम्मी होतात.

प्रश्न : वेझिना ट्रॉफी सर्वोत्तम गोलीला देतात ना? मग एके काळी ती दोघांना मिळून कशी? (देवगड)

उत्तर : कारण एके काळी ती मतांवर नव्हे, गणितावर मिळायची. १९२६ च्या मार्चमध्ये वेझिना गेला, पुढच्या मोसमापासून त्याच्या नावे ट्रॉफी सुरू झाली, आणि १९८०-८१ पर्यंत ती सर्वांत कमी गोल खाणाऱ्या संघाच्या गोलीकडे जायची. १९६४-६५ ला टोरंटोच्या टेरी सॉचक आणि जॉनी बोअर यांनी काम जवळजवळ निम्मं-निम्मं केलं होतं. तेव्हापासून नाव दोघांचं लागू लागलं. १९८१-८२ पासून वेझिना संघांच्या जनरल मॅनेजरांच्या मतांवर दिली जाते. कमी गोलांच्या गणितासाठी जेनिंग्ज ट्रॉफी वेगळी काढली, तिला निदान २५ सामने खेळलेले असावे लागतात.

प्रश्न : गोलीच्या नावावर गोल लागू शकतो का? म्हणजे केलेला. (गुहागर)

उत्तर : लागतो. २८ नोव्हेंबर १९७९ ला न्यूयॉर्क आयलंडर्सच्या बिली स्मिथच्या नावावर लीगमधला असा पहिला गोल लागला, आणि त्याने फटका मारलाच नव्हता. कोलोरॅडोने आपला गोली काढून घेतला होता. त्यांच्याच रॉब रॅमेजने मागे दिलेला पास स्वतःच्या रिकाम्या जाळीत गेला. त्याआधी आयलंडर्सपैकी पकला शेवटचा स्पर्श स्मिथचा, म्हणून गोल त्याचा. स्वतः मारून गोल करणारा पहिला गोली फिलाडेल्फियाचा रॉन हेक्सटॉल, ८ डिसेंबर १९८७, बोस्टनविरुद्ध.